स्तनाच्या कर्करोगात पेशींचे स्थलांतर

स्तन हा प्राणधारणेला अत्यावश्यक असलेल्या अवयवांपैकी नाही. हृदय थांबले किंवा यकृत निकामी झाले तर माणूस जगत नाही. स्तन काढून टाकलेली स्त्री मात्र पुढे अनेक वर्षे संसार करते, शेतात राबते, नोकरी करते. असे असूनही स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येतो, याचे कारण स्तनातील गाठीत नसून त्या गाठीतून निघून हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू गाठणाऱ्या पेशींत आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. यांतील फार मोठ्या संख्येचा मृत्यू पेशींच्या या प्रवासामुळे झालेला असतो. पेशी मुळात चालते कशी, तिला चालण्याची आज्ञा कोण देते आणि ती वाटेत अडवता येईल काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. श्रोत्यांमध्ये शिक्षक आहेत, पंचायतींचे सदस्य आहेत, जिल्हा पातळीवरील अधिकारी आहेत. विषय प्रयोगशाळेतील असला तरी त्याचा शेवटचा धागा त्यांच्या कामापर्यंत येऊन पोहोचतो.

या प्रवासाचा पहिला विचारपूर्वक अभ्यास लंडनमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रक्ताबरोबर वाहत गेलेल्या पेशी केवळ योगायोगाने कोठेही अडकत असतील, तर ज्या अवयवाला रक्तपुरवठा अधिक त्यात गाठी अधिक सापडावयास हव्यात. परंतु यकृतात दुय्यम गाठी वारंवार आढळत होत्या आणि प्लीहेत, तिची रोहिणी चांगली मोठी असूनही, क्वचितच. काही हाडांनाही ही बाधा इतरांपेक्षा अधिक होत होती. पॅजेट यांनी यावरून बी आणि जमीन अशी उपमा दिली. झाडाचे बी वाऱ्याने चहूकडे उडते, परंतु रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वैद्यकशास्त्राला मात्र ते पटण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. मधल्या काळात हे सारे रक्तप्रवाहाच्या दिशेवरच ठरते, असे मत प्रबळ होते. १९७० साली अमेरिकेतील आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडून त्यांचा माग काढला, तेव्हा हजारात एकीहूनही कमी पेशींना नवी गाठ धरता आल्याचे दिसले. रक्तात उतरणे ही प्रवासाची केवळ एक पायरी ठरली.

शस्त्रक्रियेच्या इतिहासावरही या प्रश्नाची छाप आहे. रोग एका जागेवरून शेजारच्या जागेकडे, शिस्तीने सरकत जातो अशा समजुतीने अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांच्या पद्धतीनुसार स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सर्व काढून टाकण्याची प्रथा पाऊणशे वर्षे चालली. स्त्रीचा हात सुजत असे, छाती खोल जात असे. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या तुलनात्मक चाचणीत आणि त्यानंतरच्या चाचणीत, एवढे मोठे ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढत नाही, हे सिद्ध झाले. ज्या पेशी जाणार असतात त्या बहुधा शस्त्रक्रियेपूर्वीच निघून गेलेल्या असतात. फिशर यांना समव्यवसायी शल्यविशारदांचा मोठा रोष पत्करावा लागला, पण आज जगभर लहान शस्त्रक्रिया होते ती त्यांच्या चिकाटीमुळे.

आता प्रत्यक्ष पेशीकडे वळावयाचे. स्तनातील दुग्धवाहिनीच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. आतील थर दूध तयार करतो, बाहेरील थर आकुंचन पावून ते पुढे ढकलतो आणि या दोहोंना बाहेरून प्रथिनांचे एक पातळ अस्तर वेढून असते. हे अस्तर म्हणजे कुंपण. त्याच्या आतच वाढत राहिलेला कर्करोग अद्याप प्रवासाला निघालेला नसतो आणि त्या अवस्थेत तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. कुंपण ओलांडले की पलीकडे तंतुमय उती, चरबी, रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या असतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेशींचे चालणे हे स्वतः रोगट नाही. मुलगी वयात येते तेव्हा याच दुग्धवाहिन्यांची टोके संप्रेरकांच्या आज्ञेने भोवतालच्या चरबीत शिरत, फांद्या फोडत वाढतात. जखम भरताना कातडीच्या पेशी कडेकडेने आत सरकतात. गर्भात तर पेशी लांबलांबचे प्रवास करतात. त्यामुळे कर्कपेशीला चालण्याची विद्या नव्याने शिकावी लागत नाही. शरीरात पूर्वीपासून असलेली आणि योग्य वेळी बंद केलेली यंत्रणाच ती अवेळी चालू करते.

पावसाळ्यात कोकणच्या किंवा सह्याद्रीच्या रानात हिंडलेल्या माणसाने जळू चालताना पाहिलेली असते. पुढचे टोक लांबवावे, ते टेकवून चिकटवावे, मग अंग आखडून मागचे टोक सोडवून ओढून घ्यावे, असा तिचा क्रम. पेशीचाही क्रम साधारण असाच आहे. तिच्या पोटात अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. पुढच्या कडेशी या तंतूंना भराभर फांद्या फुटतात आणि त्यांच्या रेट्याने पेशीचे आवरण पुढे लोटले जाते. पुढे आलेला भाग इंटिग्रिन नावाच्या रेणूंच्या द्वारे बाहेरच्या तंतूंना धरतो. मग मागच्या बाजूचे तंतू स्नायूप्रमाणे आखडतात आणि मागची पकड सुटते. गती मिनिटाला काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश एवढीच. पण दिवसाची मिनिटे १,४४० असतात, आणि जवळची रक्तवाहिनी पुष्कळदा मिलिमीटरभरही दूर नसते.

या तिन्ही हालचालींचा मेळ कोण राखते याचे उत्तर लंडनमध्ये अ‍ॅलन हॉल आणि अ‍ॅन रिडली यांनी १९९२ साली दिले. स्थिर पेशींमध्ये त्यांनी सुईने एकेक प्रथिन टोचून पाहिले. रो नावाचे प्रथिन घातले की पेशीत ताणलेल्या दोरांसारखे तंतू उभे राहत. रॅक नावाचे घातले की पेशीची कड झालरीसारखी फडफडू लागे. त्याच गोतावळ्यातील सीडीसी-४२ हे प्रथिन बोटांसारखी टोके काढते, असे पुढे आढळले. ही प्रथिने विजेच्या बटणांसारखी आहेत. एक विशिष्ट रेणू चिकटला की चालू, त्याचा एक फॉस्फेट तुटला की बंद. रॅक पुढे रेटते, रो मागून आखडते आणि बटणे योग्य टोकाला योग्य क्षणी दाबली गेली तरच पेशी सरळ चालते. या गटातील रो-सी या प्रथिनाचे प्रमाण दाहयुक्त स्तनकर्करोगात वाढलेले असते, असे मिशिगन येथील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. हा प्रकार विरळा असला तरी त्याची ओळख गावपातळीवर असणे अगत्याचे आहे. यात बहुधा हाताला लागणारी गाठ नसतेच. काही आठवड्यांतच स्तन लाल होतो, सुजतो, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसू लागते आणि जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांवर मौल्यवान काळ जातो.

चालण्याआधी पेशीला शेजाऱ्यांचा हात सोडावा लागतो, हे ओघानेच आले. मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन यांनी १९५० च्या दशकात कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी काचेवर वाढवून पाहिले, तेव्हा चालत्या पेशी एकमेकींना भिडताच थबकतात आणि दिशा बदलतात, असे त्यांना आढळले. काही कर्कपेशी मात्र न थबकता इतरांत घुसत होत्या. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या रेणूंचा शोध जपानमधील मासातोशी ताकेइची यांनी लावला आणि कॅल्शियमवर अवलंबून असणाऱ्या या प्रथिनांना १९८४ मध्ये कॅड्हेरिन असे नाव दिले. दुग्धवाहिनीच्या अस्तरातील पेशींमध्ये ई-कॅड्हेरिन हा प्रकार असतो. बोटात बोटे गुंफावीत तसे शेजारच्या दोन पेशींचे ई-कॅड्हेरिनचे रेणू एकमेकांत गुंततात. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे दहा ते पंधरा टक्के असलेल्या खंडिकीय प्रकारात हा रेणू बहुधा नाहीसाच झालेला असतो. अनेकदा त्याच्या जनुकातच बिघाड सापडतो. अशा गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी मुंग्यांसारख्या एकामागून एक रांगेत निघालेल्या दिसतात.

यावरून एक सुबक सिद्धांत उभा राहिला. हार्वर्ड येथील एलिझाबेथ हे यांनी १९८२ मध्ये दाखविले होते की, अस्तराच्या पेशी कोलॅजनच्या जेलमध्ये ठेवल्यास त्या आपला बंधनातील स्वभाव टाकून सुट्या, लांबट, भटक्या पेशींचे रूप घेतात. गर्भावस्थेत असे रूपांतर घडविणारी स्नेल आणि ट्विस्ट ही नियामक प्रथिने प्रथम फळमाशीत सापडली होती. स्नेल हे ई-कॅड्हेरिनचे जनुक बंद करते, हे २००० साली कळले. ट्विस्ट हे उंदरांतील स्तनकर्करोगाच्या प्रसाराला कारणीभूत होते, हे २००४ साली रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले. मग क्रम असा मानला गेला की, गाठीभोवतालच्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारखा निरोप येतो, स्नेल आणि ट्विस्ट जागी होतात, ई-कॅड्हेरिन नाहीसे होते, पेशी सुटते आणि चालू लागते.

परंतु निसर्ग पाठ्यपुस्तकातील आकृतीप्रमाणे वागत नाही. वर उल्लेखिलेल्या दाहयुक्त कर्करोगात, म्हणजे सर्वांत वेगाने पसरणाऱ्या प्रकारात, ई-कॅड्हेरिन भरपूर असते आणि त्वचेच्या लसीकावाहिन्यांत पेशींचे घट्ट पुंजके अडकलेले दिसतात. रक्तात कर्कपेशी असू शकतात हे ऑस्ट्रेलियातील टॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ सालीच नोंदवून ठेवले होते. बॉस्टन येथील गटाने २०१४ मध्ये त्यांचे बारकाईने मापन केले तेव्हा, सुट्या पेशीच्या तुलनेत पुंजक्याची नवी गाठ धरण्याची शक्ती उंदरांत २३ ते ५० पट भरली. २०१९ मध्ये बाल्टिमोर येथील अँड्र्यू इवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत वीणा पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्तनातील कर्कपेशींमधून ई-कॅड्हेरिन काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे त्या पेशी अधिक जोमाने भोवताली घुसल्या, परंतु दूरच्या अवयवांत पोहोचून गाठी धरणे मात्र त्यांना फारसे जमेना. वाटेत त्या मोठ्या संख्येने मरत होत्या. हात सोडणारी पेशी वेगाने निघते खरी, पण हात धरून निघालेली टोळी टिकते. वारीला एकट्याने निघालेला आणि दिंडीबरोबर निघालेला, यांच्यातील अंतर कोणाही वारकऱ्याला ठाऊक असते. तेव्हा पेशींमधील बंध हा रोग्याचा रक्षक की वैरी, याचे एकच उत्तर देता येत नाही, आणि ज्या औषधाने तो बंध घट्ट किंवा सैल करावयाचा त्याचा परिणामही आधी सांगता येत नाही.

शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशीही या प्रवासात सामील होतात. न्यूयॉर्क येथील जॉन कॉन्डीलिस आणि जेफ्री पोलार्ड यांच्या गटांनी जिवंत उंदराच्या गाठीत सूक्ष्मदर्शक रोखून जे पाहिले ते विस्मयकारक होते. जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी कर्कपेशींना वाढीचा एक रेणू पुरवितात, त्याच्या वासाने कर्कपेशी त्यांच्याकडे सरकतात आणि बदल्यात भक्षकपेशींना आकर्षित करणारा दुसरा रेणू सोडतात. अशी ही जोडी कोलॅजनच्या तंतूंवरून रक्तवाहिनीपर्यंत जाते आणि भक्षकपेशीच्या सोबतीने कर्कपेशी भिंतीतून आत उतरते. पुढे पोहोचण्याच्या ठिकाणीही हाका असतात. लसीकाग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि अस्थिमज्जा यांतून विपुल स्रवणाऱ्या एका रेणूला प्रतिसाद देणारा ग्राहक स्तनाच्या कर्कपेशींवर असतो, हे २००१ साली सिद्ध झाले. पॅजेट यांच्या जमिनीचे एक लक्षण अशा रीतीने ११२ वर्षांनी हाती लागले.

एवढे ज्ञान जमले असता औषधे का निघाली नाहीत, असे कोणी विचारील. प्रयत्न झाले. कर्कपेशी वाटेतील तंतू कापण्यासाठी विकरे सोडतात. ती रोखणारी औषधे १९९० च्या दशकात मोठ्या आशेने रुग्णांना देण्यात आली. मॅरिमॅस्टॅट या औषधाच्या स्तनकर्करोगातील चाचणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला तो नकारात्मक होता. लाभ नाही आणि सांधेदुखी मात्र जडली. पेशी आधीच दूर पोहोचल्यावर रस्ता बंद करून काय साधणार, असा साधा प्रश्न त्यावेळी पुरेसा विचारला गेला नाही, असे मागे वळून पाहता वाटते.

रस्ता बंद करण्याची योग्य वेळ कोणती, याचे एक उत्तर मुंबईहून आले आहे. मज्जातंतू आणि स्नायू यांत विजेचे संदेश वाहून नेणारी सोडियमची सूक्ष्म द्वारे काही कर्कपेशींतही असतात, असे लंडनमधील मुस्तफा जामगोझ यांच्या संशोधनाने पुढे आणले. स्तनाच्या आक्रमक कर्कपेशींत ही द्वारे उघडली की सोडियम आत शिरतो, पेशीभोवतालचा द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लात तंतू कापणारी विकरे अधिक जोराने काम करतात. ही द्वारे बंद करणारे द्रव्य मात्र कोणत्याही तालुक्याच्या औषधदुकानात मिळते. दात काढताना, जखमेला टाके घालताना टोचले जाणारे लिग्नोकेन ते हेच.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की, शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते, दाबली जाते, तिच्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. पेशींना निसटण्यास उत्तेजन मिळण्याचा हाच क्षण असू शकेल. भारतातील ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. सर्वांना नेहमीची भूल, नेहमीची शस्त्रक्रिया आणि नेहमीचे पुढील उपचार मिळाले. फरक एवढाच की, एका गटात गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्या सर्व बाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण टोचलेल्या गटात ८६.६ टक्के आणि न टोचलेल्या गटात ८२.६ टक्के होते. हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के होते. म्हणजे शंभर स्त्रियांमागे तीन ते चार अधिक स्त्रिया वाचल्या, तेही अत्यंत स्वस्त औषधाच्या एका मात्रेने. शास्त्रीय सचोटीसाठी हेही सांगितले पाहिजे की, कोणत्या स्त्रीला औषध दिले हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना माहीत होते, आणि लिग्नोकेनने नेमकी सोडियमची द्वारेच बंद झाली म्हणून लाभ झाला की अन्य कारणाने, हे या चाचणीने सिद्ध होत नाही. इतर देशांतील शल्यविशारद म्हणूनच स्वतंत्र पडताळणीची अपेक्षा करतात. तथापि ज्या औषधावर कोणा कंपनीला नफा नाही त्याची एवढी मोठी चाचणी घेण्याचे काम सार्वजनिक संस्थेनेच करावयाचे असते, आणि ते येथे झाले.

या कामाला मुंबईत परंपरा आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांतील स्तनकर्करोगावर संशोधन केले आणि परदेशातील अनुभवानंतर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून तिची हालचाल न्याहाळण्याची सोय ज्या काळात देशात जवळजवळ नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावरील ती दहा मिनिटे ज्या स्त्रीच्या वाट्याला यावयाची, ती पेशी निघून जाण्यापूर्वी रुग्णालयात पोहोचावी लागते. याच रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील २० वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची एक दीर्घ पाहणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत शिकविलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. यंत्र वापरले नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग झालेल्यांपैकी तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत सापडलेल्या स्त्रिया तपासणीच्या वस्त्यांत ३७ टक्के, तर इतरत्र ४७ टक्के होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत अशी घट दिसली नाही.

केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशीच हाताने तपासणी व्हावी, असे २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि ती उपकेंद्राच्या पातळीवर व्हावयाची आहे. तपासणीला लागते ती शिकलेली सेविका आणि आतून कडी लागणारी एक खोली. ज्या उपकेंद्रात एकाच खोलीत लसीकरण, औषधवाटप आणि तपासणी चालते आणि खिडकीला पडदा नसतो, तेथे नोंदवहीतील रकाना भरला जातो, पण पदर बाजूला सारण्यास स्त्री तयार होत नाही. कडी आणि पडदा यांचा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला आहे.